कोल्हापुरात मोजलेली इंग्रजी

कॉम्प्युटरनं भाषा मोजायची म्हटलं की अमेरिका आठवते, आणि ते खरंही आहे. ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस आणि कुचेरा या दोघांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकी इंग्रजीतले ५०० उतारे निवडले. एकेक उतारा साधारण २,००० शब्दांचा, म्हणजे एकूण १० लाख शब्द! अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात. कोणता शब्द किती वेळा येतो, कोणाच्या शेजारी बसतो, हे अंदाजानं नव्हे तर मोजून सांगता येऊ लागलं.

आपल्याकडे याच साच्याचं काम कुठं झालं, माहितीये? कोल्हापुरात! शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या देखरेखीखाली १९७८ साली छापलेल्या भारतीय इंग्रजीचे असेच ५०० उतारे जमवले गेले. १९८६ मध्ये तो संग्रह अभ्यासकांच्या हाती आला. आपली इंग्रजी चुकीची की नुसती वेगळी, हा वाद आता पुराव्यानिशी घालता येणार होता.

गंमत अशी की मराठी मुलखात आधी मोजली गेली ती इंग्रजी. मराठीची पाळी १९९१ नंतर, केंद्र सरकारच्या योजनेत आली. ते काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होतं. मराठी मोजणं तसं अवघडच. घोडा, घोड्याला, घोड्यावरचा... आपल्याला जनावर एकच, कॉम्प्युटरला मात्र तीन शब्द! प्रत्यय सोडवायला शिकवल्याशिवाय आकडे फसवतात.

मला सलतं ते वेगळंच. मी वाळूजला राहतो. इथं कंपन्यांची शिफ्ट सुटली की "काय करायलास?" असं सहज कानावर पडतं. पुस्तकात मात्र "काय करतोयस?". छापील मजकुराच्या संग्रहात आमचं रूप क्वचितच सापडणार, आणि मग कुणीतरी आकडे दाखवून म्हणणार, असं कुणी बोलतच नाही! संग्रहात नाही म्हणजे भाषेत नाही, असं थोडंच असतं?

म्हणूनच डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं पुढे केलेलं बोलींचं सर्वेक्षण मला मोलाचं वाटतं. त्यात लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं गेलं. आज यंत्रं मजकूर वाचूनच मराठी शिकतात. जे कुठं लिहिलंच गेलं नाही, ते त्यांना कोण शिकवणार?

आकडा कितीही मोठा असो, मी आधी एवढंच विचारतो, मोजलं ते कुणाचं बोलणं?