आमदाराच्या हातात आकडे कुठून येणार?

परभणीच्या अभ्यासिकेत बसून भरतीची जाहिरात रोज रिफ्रेश करणाऱ्या सगळ्यांसाठी आजचा भाग.

आमदाराने तारांकित प्रश्न टाकला की मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. वर उपप्रश्नही येतात. पण सरकारी नोकऱ्यांत मराठवाड्याचा वाटा किती, हे विचारायला आकडे लागतात ना?

1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्यांचा शब्द होता. 1956 ला मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात आला. तेव्हाच सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371(2) मध्ये तरतूद झाली: मराठवाड्यासाठी विकास मंडळ, त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे, आणि राज्याच्या सेवांत पुरेशी संधी. मला यातला अहवालच सगळ्यात कामाचा वाटतो. मी दिवसभर डेटाबेसवर बसतो. टेबलच रिकामं असेल तर क्वेरी कितीही भारी लिहा, हाती काय येणार?

गोम अशी, की राष्ट्रपती ही जबाबदारी राज्यपालांवर 'टाकू शकतात', असं कलम म्हणतं. टाकलीच पाहिजे, असं नाही.

1974 ला मराठवाडा विकास आंदोलनात पोरं रस्त्यावर उतरली. नोकऱ्या ही मोठी मागणी. वसमतला, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच, पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी गेले.

मंडळ आलं 1 मे 1994 ला. तब्बल 38 वर्षांनी! पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि 30 एप्रिल 2020 ला तीही संपली.