दारू, गोळा आणि उस्ताद : दख्खनच्या तोफखान्याची तालीम

मराठीत ‘दारू’ हा शब्द दोन ठिकाणी राबतो. एक गुत्त्यात, दुसरे किल्ल्यावर. मूळ फारसीत मात्र दारू म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आजही शिल्लक आहे. चिनी लोकांनीही सोरा, गंधक आणि कोळशाच्या या काळ्या भुकटीला ‘अग्नीचे औषध’ असेच नाव दिले होते. औषधाची विद्या जशी वैद्याच्या हाताखाली राहून शिकावी लागते, तशीच दारूगोळ्याची विद्याही उस्तादाच्या हाताखालीच शिकावी लागत असे. हात चुकला तर दुसरी संधी मिळत नसे.

दख्खनच्या तोफांवर बोलताना आपण बहुधा दोन टोकांना जातो. काहीजण म्हणतात, तोफा परक्यांनी आणल्या, त्यांचे आपल्याला काय? आपल्यातले काहीजण ‘आमच्या सुलतानांच्या तोफा’ म्हणून छाती फुगवतात. तोफ ओतणारा, दारू कुटणारा, गोळा ठासणारा आणि हे सारे नवशिक्याला शिकवणारा माणूस या दोन्ही बोलण्यांत कुठेच नसतो. मला त्याच्याविषयी लिहायचे आहे.

मी सोलापूरचा. आमचा भुईकोट किल्ला हा दोन शाह्यांमधला हुंड्याचा किल्ला. बुऱ्हाण निजामशाहचा विवाह आदिलशाही घराण्यातील बीबी मरियमशी झाला, तेव्हा सोलापूर देण्याचा शब्द दिला गेल्याचे निजामशाहीचे म्हणणे होते. तो पाळला गेला नाही आणि पुढची कित्येक वर्षे लढाया झाल्या. अखेर १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशाहने आपली मुलगी चाँदबीबी अली आदिलशाहला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्यासोबत आदिलशाहीत गेला. अशा किल्ल्यांच्या वादांनीच दख्खनमध्ये तोफांची गरज वाढवली.

याच बुऱ्हाण निजामशाहच्या काळात, १५४९ मध्ये, अहमदनगरला ‘मलिक-ए-मैदान’ ओतली गेली. लांबी सुमारे साडेचौदा फूट, तोंडाचा व्यास इतका की आत माणूस बसू शकेल, वजन सुमारे ५५ टन सांगितले जाते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची ही तोफ. तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे, मुहम्मद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. बादशहाच्या नावासोबत कारागिराचे नाव धातूवर उमटावे, यावरून त्या विद्येची किंमत कळते. पण एकटा रूमी ५५ टनांची तोफ ओतू शकत नाही. साचा बांधणारे, भट्ट्या पेटत्या ठेवणारे, वितळलेला धातू एकाच वेळी साच्यात सोडणारे कितीतरी हात लागतात. ते हात इथले होते. त्यांनी शिकत शिकत काम केले आणि काम करत करत विद्या इथली केली.

ही तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात आली. बार्शीवरून परंड्याला गेलात तर तिथल्या बुरुजांवर आजही इतर तोफा पाहायला मिळतात. १६३२ च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने मलिक-ए-मैदान विजापूरला नेली. तिच्यासोबतची ‘कडकबिजली’ वाटेत नदीत बुडाली, असे सांगतात. रूमीने ओतलेली, निजामशाहने करवून घेतलेली आणि एका ब्राह्मण सरदाराने आदिलशाहीत नेलेली ही तोफ कोणत्या धर्माची म्हणायची?

दारूगोळ्याचे सर्वांत विलक्षण प्रात्यक्षिक जानेवारी १५६५ मध्ये राक्षस-तागडीच्या रणांगणावर झाले. निजामशाही तोफखाना चलबी रूमी खानाच्या ताब्यात होता. फरिश्ता लिहितो की त्याने तोफांच्या तीन रांगा लावल्या, पुढे मोठ्या, त्यामागे मध्यम, शेवटी हलक्या. विजयनगरचे सैन्य अगदी जवळ येईपर्यंत तो थांबला आणि तांब्याच्या नाण्यांनी भरलेल्या थैल्या तोफांतून उडवल्या. एक मोठा गोळा दूर जातो, पण एकाच रेषेत जातो. नाणी जवळच्या अंतरावर चहूकडे फाकतात. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. कोणत्या वेळी काय ठासायचे, हे अनुभवी हातच सांगू शकत होता. पुढे १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा दिला, तेव्हा गोळे संपल्यावर चाँदबीबीने तांब्याची, मग चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत घातल्याची कथा प्रसिद्ध आहे. कथेत अतिशयोक्ती असेल, पण सुरुंगाने पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले, हा इतिहास आहे.

हे शिक्षण चाले कुठे? आज आपण ‘कार्यशाळा’ म्हणतो, त्या काळचा शब्द कारखाना. मराठा राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना आहे, दारूखाना आहे आणि तालीमखानाही आहे. नावे फारसी, राज्य मराठ्यांचे, राबणारे सगळ्या जातींचे. नवशिक्याला तोफेजवळ उभे राहायला मिळण्याआधी बरेच काही शिकावे लागे. जामगी कशी सांभाळायची, रंजक कोरडी कशी ठेवायची, गज कधी बाहेर काढायचा, एका बारानंतर नळीत ठिणगी राहिली असेल तर काय होईल. गोलंदाज हा शब्द आज आपण क्रिकेटमध्ये वापरतो. तेव्हा गोलंदाजाची चूक ‘नो बॉल’ देऊन भागत नसे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही ही काळजी दिसते. दारूखाना वस्तीपासून वेगळा असावा, दारूला ओल लागू देऊ नये, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून ऊन दाखवावे, अशा सूचना त्यात आहेत. ही भाषा अपघात पाहिलेल्या माणसाची आहे. १६६५ च्या वेढ्यात पुरंदरवर लढणाऱ्यांच्याच दारूने पेट घेतला आणि त्यांचीच माणसे दगावली होती.

विद्या मात्र एका दरबारात थांबली नाही. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला, तेव्हा तिथले बंदूक बनवणारे कारागीर इतके तयार होते की अल्बुकर्कने त्यांच्या कामाची तुलना जर्मन कारागिरांशी केली. अठराव्या शतकात फ्रेंच पद्धतीत तयार झालेला इब्राहिम खान गारदी पेशव्यांकडे आला. १७६० च्या उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी निजामाला नमवले आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढून मारला गेला. त्याच काळात पेशव्यांच्या तोफखान्याचा कारभार पानसे घराण्याकडे होता. पानसे आणि गारदी एका फौजेत होते, हे आपल्या मुलांना कोण सांगते?

१८५७ च्या सुरुवातीला दमदम, अंबाला आणि सियालकोट इथे कंपनी सरकारने नवी रायफल शिकवण्याची केंद्रे उघडली. काडतुसाचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची, असा धडा होता. त्या काडतुसाला गाय-डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि हिंदू-मुसलमान दोन्ही शिपाई बिथरले. धडा नवा होता, पण शिकवणाऱ्यावर विश्वास उरला नव्हता. उस्ताद-शागिर्दाच्या नात्यातली पहिली अट हीच असते.

त्याआधी १८५४ मध्ये इंग्रजांनी मलिक-ए-मैदान लिलावात काढली होती. बोली लागली १५० रुपयांची. पुढे तो लिलाव रद्द झाला म्हणून ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईनासे झाले. बारूदगर, बंदूकसाज, गोलंदाज यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या हळूहळू थांबली.

ती विद्या माणसे मारण्याची होती, म्हणून तिच्या जाण्याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे की तिच्यासोबत एक आठवणही गेली. रूम, गोवा, अहमदनगर, विजापूर, पुणे या सगळ्या गावांचे हात एका भट्टीभोवती उभे होते आणि कोणीही दुसऱ्याला त्याचा धर्म विचारून धडा दिला नव्हता. चुकीचा गोळा ठासणाऱ्याला तोफ फाटली की धर्म वाचवत नसे, आणि ही गोष्ट त्या कारखान्यातल्या पोराला पहिल्याच दिवशी कळत असे.