प्रथम वर्षाचा वर्ग व त्याचे कारभारी

राज्य स्थापणें एक आणि तें दुसऱ्याच्या हातीं सुखरूप सोंपविणें दुसरें, हें मराठ्यांचा इतिहास वाचणारास सांगावयास नको. विद्यापीठांतील उपक्रमांनाही हीच कसोटी लागते. अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या एका वर्गाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

हें विद्यापीठ १८०१ सालचें, कोलंबिया शहरांतील. १९६२ सालीं टॉमस जोन्स हे विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक त्याचे अध्यक्ष झाले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तेथें पुन्हा प्रवेश मिळाला तो त्यांच्याच कारकीर्दींत, १९६३ मध्यें. पुढें १९७० च्या मे महिन्यांत कंबोडियावरील चढाई आणि केंट स्टेट येथील गोळीबारांत झालेला चार विद्यार्थ्यांचा मृत्यु, यांमुळें देशभर उसळलेला क्षोभ येथेंही पोंचला. विद्यार्थी कचेरीच्या इमारतींत घुसले, अध्यक्ष आंत कोंडले गेले, आणि बाहेर नॅशनल गार्डनें अश्रुधूर सोडला.

अशा प्रसंगानंतर सामान्य अधिकारी चार दंगेखोरांचीं नांवें पटावरून कमी करतो व नवी नियमावली छापतो. जोन्स यांनीं स्वतःला निराळाच प्रश्न विचारला : ज्या संस्थेंत हीं मुलें शिकतात तिच्याविषयीं त्यांना एवढा तिटकारा कां वाटावा? या प्रश्नांतून १९७२ सालीं ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा प्रथम वर्षाचा वर्ग निघाला. वर्ग लहान, शिकविणारा कोणत्याही शाखेचा चालेल, परंतु त्यानें आधीं स्वतः शिबिरांत विद्यार्थी होऊन बसलें पाहिजे. माझ्या मतें योजनेचें मर्म या अटींत आहे. मुलांचें निमित्त होतें. जोन्स यांना बदलावयाचे होते ते प्राध्यापक.

परंतु १९७४ सालीं जोन्सच पायउतार झाले. धनी गेला कीं त्याची आवडती योजना दप्तरांत जाते, हा अनुभव सर्वत्रचा. त्याच वर्षीं वर्गाची सूत्रें जॉन गार्डनर यांच्याकडे आलीं. वय अवघें तीस, विषय इतिहास, पीएच्.डी. नाहीं. स्वतःच्या कॉलेजच्या पहिल्या सत्रांत ते इतके मागें पडले होते कीं, काढून टाकण्याची ताकीद मिळाली होती. (आमच्याकडे जुन्या ‘प्रीव्हियस’मध्यें गटांगळ्या खाल्लेले किती गृहस्थ पुढें उत्तम शिक्षक झाले!) जोन्स यांच्याजवळ अधिकार होता, गार्डनर यांच्याजवळ तो नव्हता, म्हणून त्यांना प्रत्येक विभागाचें मन वळवावें लागलें. या कामीं पॉल फिडलर यांची मोजणी उपयोगी पडली. हा वर्ग घेतलेलीं मुलें दुसऱ्या वर्षाला अधिक प्रमाणांत परत येतात, असें तिच्यांतून दिसलें. असा वर्ग आपण होऊन घेणारा मुलगा मुळांतच अधिक चिकाटीचा असावा, ही शंका मला येते. पण आंकडे हातीं असल्यामुळें वर्ग टिकला, हें खरें.

पुढें अध्यक्ष बदलत गेले. १९७७ मध्यें आलेले होल्डरमन यांच्या काळांत वर्गाची कीर्ति बाहेर गेली. १९८२ सालीं कोलंबियांत प्रथम वर्षाच्या वर्गांविषयीं राष्ट्रीय संमेलन भरलें व १९८६ मध्यें त्या विषयाचें स्वतंत्र केंद्र निघालें. १९९० सालीं होल्डरमन यांना खर्चाच्या गवगव्यांत पद सोडावें लागलें. वर्गाला त्याची झळ लागली नाहीं, कारण तोंवर तो कोणा एका अध्यक्षाचा राहिला नव्हता.

तो गार्डनर यांचा मात्र झाला होता, आणि माझ्या समजुतीप्रमाणें खरी परीक्षा तीच होती. पंचवीस वर्षांनीं, १९९९ मध्यें, ते बाजूस झाले. त्यांच्या जागीं डॅन बर्मन आले, २००८ मध्यें डॅन फ्रीडमन. नव्या शिक्षकानें वर्गावर जाण्यापूर्वीं शिबिरांत बसावें, ही जोन्स यांची अट या दोघांपैकीं कोणींही काढली नाहीं.