परिव्यय लेखांकन : कारखान्याच्या आतला हिशेब आणि करिअर

ग्वाल्हेरच्या बिर्लानगराने उद्योगाची भरती आणि ओहोटी दोन्ही पाहिली आहे. १९२१ साली तेथे जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. १९४७ साली स्थापन झालेली ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी पुढे ‘ग्रासिम’ या नावाने देशभर पसरली. कापड गिरणी मात्र १९९० च्या दशकात बंद पडली. गिरण्या बंद पडण्याची कारणे अनेक असतात. परंतु चालू गिरणीत एक प्रश्न रोज विचारावाच लागतो : एक मीटर कापडाला आज नेमका किती खर्च आला? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे शास्त्र म्हणजे परिव्यय लेखांकन, अर्थात कॉस्ट अकाउंटिंग.

काम कोणते?

समजा, एका गिरणीचा भाडे, व्याज, पगार असा स्थिर खर्च महिन्याला दहा लाख रुपये आहे. एक लाख मीटर कापड निघाले, तर मीटरमागे दहा रुपयांचा भार पडतो. पन्नास हजारच निघाले, तर वीस रुपयांचा. वर्षअखेरचा ताळेबंद तोटा दाखवतो. तो तोटा कोणत्या विभागात, कोणत्या यंत्रापाशी झाला, हे परिव्यय लेखापाल वेळीच दाखवतो. म्हणून त्याला आकड्यांइतकीच उत्पादनप्रक्रियेचीही जाण लागते.

अभ्यासक्रम

१९५९ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिव्यय लेखापाल संस्था हा अभ्यासक्रम चालवते. तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे. बारावीनंतर फाउंडेशनच्या चार विषयांची परीक्षा द्यावी लागते. पदवीधरांना थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो. इंटरमीडिएट आणि फायनल या टप्प्यांत प्रत्येकी आठ विषय असून ते दोन गटांत विभागलेले आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. शिवाय १५ महिन्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आवश्यक आहे. पदवीचे शिक्षण घेत असताना हा अभ्यास करता येतो. मात्र त्यासाठी चिकाटी हवी.

संधी कोठे?

पहिली वाट नोकरीची : कारखान्यांतील खर्चनियंत्रण, अंदाजपत्रक, किंमतनिश्चिती आणि अंतर्गत लेखापरीक्षण. ग्वाल्हेरजवळच्या मालनपूर औद्योगिक वसाहतीत चॉकलेट, साबण, टायरसाठीचे नायलॉन कापड अशी निरनिराळी उत्पादने होतात. अशा प्रत्येक उद्योगाचा खर्चाचा ढाचा वेगळा असतो.

दुसरी वाट स्वतंत्र व्यवसायाची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १४८ नुसार ठरावीक उलाढालीवरील विशिष्ट उद्योगांना परिव्यय लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. औषधे, खते, साखर, वीज, पेट्रोलियम आणि दूरसंचार ही नियंत्रित क्षेत्रे त्यांत येतात. हे परीक्षण व्यवसाय करणारा परिव्यय लेखापालच करू शकतो.

तिसरी वाट शासनाची. भारतीय परिव्यय लेखा सेवेतील अधिकारी केंद्र सरकारला किमती व अनुदाने ठरवण्यात साहाय्य करतात.

गोव्याशी नाते

गोमंतकीय विद्यार्थ्याला हा विषय दूरचा वाटू नये. ग्वाल्हेरात गिरणी काढणाऱ्या बिर्ला घराण्यानेच पुढे झुआरीनगरात खत कारखाना उभारला. १९७७ साली मराठे समितीच्या शिफारशींवरून देशात खत अनुदानाची जी पद्धत आली, तिच्यात प्रत्येक कारखान्याच्या उत्पादनखर्चाचा हिशेब केंद्रस्थानी होता. शेतकऱ्याला परवडणारी गोणी आणि कारखान्याला मिळणारा योग्य मोबदला, दोन्ही त्या हिशेबावर अवलंबून होते. आज वेर्ण्याचे औषध कारखाने, वास्कोची जहाजबांधणी आणि किनारपट्टीवरील हॉटेले यांनाही खर्चाची हीच शिस्त लागते.

प्रवेश घेण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : वस्तू कशी तयार होते, हे जाणून घेण्याची मला खरोखर उत्सुकता आहे का? ती असेल, तर लांबचा अभ्यासक्रमही जड जात नाही. केवळ आकडेमोडीची आवड मात्र येथे पुरेशी ठरत नाही.