भूकमुक्तीची मोहीम आणि तरुणांनी विचारलेला प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १ जुलै १९६० रोजी सुरू केलेली भूकमुक्ती मोहीम ही जगाच्या अन्नप्रश्नात सरकारांखेरीज सामान्य नागरिकांना, आणि त्यांतही तरुणांना, सामील करून घेणाऱ्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांपैकी एक होती. तिचे प्रवर्तक बिनय रंजन सेन हे भारतीय सनदी सेवेतील अधिकारी असून १९४२-४३ या काळात, म्हणजे बंगालवर दुष्काळाचे सावट उतरत असताना, ते त्या प्रांताचे मदत आयुक्त होते. १९५६ साली ते संघटनेचे महासंचालक झाले, तेव्हा हे पद विकसनशील जगातील व्यक्तीकडे प्रथमच आले. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेलेली ज्याने जवळून पाहिली होती, त्या प्रशासकाला हा प्रश्न केवळ कृषितज्ज्ञांच्या हाती ठेवावासा वाटला नसावा, असे मानायला जागा आहे.

मोहिमेची रचना साधी होती. प्रत्येक देशाने राष्ट्रीय समिती स्थापन करावी, लोकांमध्ये भुकेविषयी जाणीव निर्माण करावी आणि जमलेल्या निधीतून गरीब देशांतील विहिरी, बियाणे, शेतीशाळा अशा कामांना हातभार लावावा, एवढीच अपेक्षा होती. २१ मार्च १९६३ रोजी भारतासह शंभराहून अधिक देशांनी व प्रदेशांनी या विषयावर टपाल तिकिटे काढली, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात वॉशिंग्टन येथे पहिली जागतिक अन्न परिषद भरली. तरुणांकडे या योजनेत मुख्यतः निधी गोळा करण्याचे काम आले. कॅनडामध्ये १९६७ पासून निघालेल्या लांब पल्ल्याच्या पदयात्रा हे त्याचे ठळक उदाहरण होय. विद्यार्थी आपल्या नातलगांकडून आणि शेजाऱ्यांकडून दर मैलामागे ठरावीक रक्कम कबूल करून घेत, दिवसभर चालत आणि चाललेल्या मैलांचा हिशेब दाखवून ती रक्कम वसूल करीत. हे काम प्रामाणिक होते. पण अन्नधोरण कोण ठरवते, हा प्रश्न त्यात अजून आलेला नव्हता.

तो प्रश्न नेदरलँड्समध्ये साखरेच्या निमित्ताने पुढे आला. १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी दिल्ली येथे संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकासविषयक दुसरी परिषद भरली होती. गरीब देशांच्या शेतमालाला श्रीमंत देशांच्या बाजारात वाव मिळावा, ही तेथील मुख्य मागणी फारशी फलद्रूप झाली नाही. त्याच वर्षी युरोपीय आर्थिक समुदायाने साखरेचा सामायिक बाजार अमलात आणला. त्यात बीटपासून होणाऱ्या साखरेला जागतिक भावाहून पुष्कळ चढी हमी किंमत होती, बाहेरून येणाऱ्या उसाच्या साखरेवर जबर कर होता, आणि उरलेली साखर निर्यात अनुदानावर, म्हणजे तोट्याची भरपाई सरकारी तिजोरीतून करून, बाहेर विकली जाई. त्यामुळे उष्ण प्रदेशातील ऊस उत्पादकाची बाजारपेठ दुहेरी मारली जात होती. डच तरुण कार्यकर्त्यांनी यावर शोधलेला उपाय वरवर क्षुल्लक वाटतो. त्यांनी उसाची साखर पिशव्यांत भरून विकायला घेतली, आणि ही साखर तुमच्या दुकानात का मिळत नाही, याचा खुलासा तिच्याबरोबर घरोघरी पोहोचवला. चहात पडणाऱ्या साखरेत करप्रणाली दडलेली आहे, हे गृहिणीला कळले की ती बाब तज्ज्ञांपुरती राहत नाही. याच चळवळीतून १९६९ साली ब्रॉयकलन या गावी पहिले ‘जागतिक दुकान’ उघडले, आणि पुढे न्याय्य व्यापार या नावाने ओळखली गेलेली परंपरा तेथून वाढली. सहकारी साखर कारखानदारीत आयुष्य घालवलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला साखरेच्या भावाचे हे राजकारण निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जून १९७० मध्ये हेग येथे दुसरी जागतिक अन्न परिषद झाली, तेव्हा तरुणांची उपस्थिती ठळक होती आणि चर्चेचा रोख मदतीकडून व्यापार व जमिनीची मालकी यांकडे वळू लागला होता. मोहिमेच्या नावालाही पुढे ‘विकासासाठी कृती’ हे शब्द जोडले गेले. या बदलाचे सगळे श्रेय तरुणांना देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही मदतीकडून न्यायाकडे झालेली ही वाटचाल त्यांच्या रेट्याशिवाय इतकी लवकर झाली नसती, असेच म्हणावे लागते.

भारतात या काळाचे रूप वेगळे होते. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने १९७३ साली ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय घेऊन शिबिरे भरवली. महाराष्ट्रात तेव्हा मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत व माती वाहत होती, आणि युवक क्रांती दलासारख्या संघटनांतील तरुण त्यांच्या मजुरीच्या मागण्यांमागे उभे होते. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची असून तिचा कायदा १९७७ साली झाला. मात्र दुष्काळग्रस्ताने भीक न मागता काम हक्काने मागावे, ही भाषा गावोगाव रुजवण्यात या तरुणांचा वाटा होता आणि तो विसरला जाऊ नये.

पुढील काळात तरुणांना संस्थांच्या चौकटीत स्थान मिळत गेले. १९९२ च्या रिओ परिषदेने मान्य केलेल्या कृतिआराखड्यात अठरावे प्रकरण गोड्या पाण्याला, तर पंचविसावे प्रकरण मुले व तरुण यांना दिलेले होते. पाण्याच्या नियोजनात तरुणांनी बोलावे, या अपेक्षेला तेथून अधिकृत आधार मिळाला. २००४ साली ब्राझीलमध्ये ला व्हिया काम्पेसिना या जागतिक शेतकरी संघटनेच्या परिषदेच्या वेळी तरुण शेतकऱ्यांची स्वतंत्र सभा भरली. रोममधील जागतिक अन्नसुरक्षा समिती १९७४ च्या अन्न परिषदेतून जन्मली होती. २००९ साली तिची पुनर्रचना झाल्यावर नागरी संघटनांसाठी जी यंत्रणा उभी राहिली, तिच्यात तरुणांचा वेगळा गट मानण्यात आला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये समितीने शेती व अन्नव्यवस्थेतील तरुणांच्या सहभागाविषयी धोरणात्मक शिफारशी मंजूर केल्या. या शिफारशी कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत. समितीच्या सभागृहात तरुण प्रतिनिधींना बोलता येते. निर्णयाचा अधिकार मात्र आजही सदस्य राष्ट्रांच्या सरकारांकडेच आहे.