फूल, दोन पाने आणि आडवी बाटली

१६ जानेवारी १९६७ या दिवशी गोव्यातील मतदार मतपेटीपुढे उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातातील कागदावर कोणाही उमेदवाराचे नाव नव्हते. एक फूल होते आणि दोन पाने होती. फुलाला मत म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. पानांना मत म्हणजे तो केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा. सरकार कोणी चालवावे हा प्रश्न त्या दिवशी नव्हताच. एका वादग्रस्त प्रश्नाचा निकाल लोकांनी स्वतः द्यावा, एवढेच काम होते.

असे निकाल लोकांच्या थेट मताने लागावेत ही अमेरिकन लोकशाहीची देणगी, असे आपल्याकडे सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात. त्यात कितपत तथ्य आहे हे पाहायचे तर आधी आपल्याच घरातला दाखला नीट उलगडला पाहिजे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष त्यात सर्वांत मोठा ठरला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६५ च्या जानेवारीत गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. मार्चमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही तसाच ठराव केला. दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींनी होकार दिला, आता आणखी कोणाला विचारायचे, असे महाराष्ट्रात बहुतेकांना वाटले. विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा यांचे म्हणणे वेगळे होते. विधानसभा राज्यकारभारासाठी निवडली जाते. आपण ज्या प्रदेशाची विधानसभा आहोत तो प्रदेशच पुसून टाकण्याचा अधिकार तिला साध्या बहुमताने कसा मिळतो? हा प्रश्न लोकांनाच विचारा.

त्या वेळी आपल्याकडील पुष्कळांना ही मागणी म्हणजे निव्वळ कालहरण वाटले. मला वाटते, येथे आपण स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला यश मिळाले तेव्हा हा एकाच प्रश्नावरचा जनतेचा कौल आहे असे आपण छातीठोकपणे सांगितले. सीमाभागात तर खेडे हा घटक धरा आणि लोकेच्छा पाहा, हे आपले सूत्रच होते. बेळगावात लोकेच्छा पाहा म्हणायचे आणि पणजीत ती पाहू नका म्हणायचे, हे एका तोंडाने कसे बोलता येईल? बेळगावकरांच्या वाट्याला मतपेटी आलीच नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये आलेला त्याचा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आपला मराठवाडाही अशा मतदानापासून लांबच राहिला. १९४८ च्या वाटाघाटींत हैदराबाद संस्थानासाठी सार्वमताची गोष्ट निघाली होती, ती कागदावरच राहिली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. लोकांचा कल सर्वांना ठाऊक होता, पण तो मोजला कोणी नाही.

गोव्यात मात्र मोजणी झाली. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. सत्तेवरचे मंत्रिमंडळच कौलाच्या एका बाजूचे असल्याने ते बाजूला व्हावे ही सिक्वेरांच्या पक्षाची मागणी मान्य झाली. बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यांची दुसरी मागणी होती की पोटापाण्यासाठी मुंबईत आणि इतरत्र गेलेल्या गोवेकरांनाही मत द्यावे. ती मान्य झाली नाही. गिरणीत, गोदीत, जहाजावर, लोकांच्या स्वयंपाकघरात राबणारा आणि घरी मनिऑर्डर पाठवणारा गोवेकर आपल्या गावाच्या भवितव्याविषयी बोलू शकला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

प्रचाराचे दिवस मोठे रंगले. 'राष्ट्रमत' हे दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात लढले, आणि ते मराठी दैनिक होते! त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. महाराष्ट्रात जायचे नाही हे महाराष्ट्राच्याच भाषेत पटवून दिले जात होते. भाषेचा वाद होता तसा पोटाचाही होता. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराला सांगितले गेले की महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा आहे, उद्या तुझा धंदा जाईल. उलट भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला वाटे की महाराष्ट्रात गेलो तर कसेल त्याची जमीन होईल. हिंदू एकीकडे आणि ख्रिस्ती दुसरीकडे असे चित्र पुष्कळांनी रंगवले, परंतु 'राष्ट्रमत'ची माणसे पाहिली तरी ते चित्र किती अपुरे होते हे कळते.

निकाल असा लागला. एकूण मतदार ३,८८,४३२. मते पडली ३,१७,६३३. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला. आणि गंमत पुढेच आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा निवडून दिले आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांना बांदोडकर हवे होते, विलीनीकरण नको होते. निवडणुकीत माणूस अनेक गोष्टींचे एकच गाठोडे उचलतो. त्यातली एखादी वस्तू त्याला नकोशी असली तरी ती गाठोड्याबरोबर येते. जनमत कौलाने गाठोडे सोडले आणि एकच वस्तू पुढे ठेवली. १९६३ च्या निवडणुकीचा आपण काढलेला अर्थ चूक होता हे तेव्हा कळले, आणि ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढे ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील संघराज्याच्या घटनेत जनतेच्या थेट मताने कायदा करण्याची तरतूदच नाही. त्या देशात आजवर एकदाही राष्ट्रव्यापी सार्वमत झालेले नाही. घटना रचणाऱ्यांना, विशेषतः मॅडिसनला, बहुमताच्या उसळीची धास्ती होती. कायदे प्रतिनिधींच्या सभेतून गाळून यावेत अशीच त्यांची योजना. थेट मतदानाची रीत स्वित्झर्लंडकडून घेतली ती राज्यांनी: १८९८ मध्ये साउथ डकोटा, १९०२ मध्ये ओरेगॉन, १९११ मध्ये कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियात रेल्वे कंपनीने विधिमंडळ खिशात घातले होते, म्हणून लोकांनी ही वाट काढली. तेव्हा ही रीत अमेरिकन खरी, परंतु ती त्या लोकशाहीच्या पायातली नव्हे. प्रतिनिधी विकले जातात असा अनुभव आल्यावर मागाहून काढलेली ती खिडकी आहे.

त्या खिडकीतून काय काय आत आले? कामगार चळवळीतला माणूस म्हणून मला कोलोरॅडोची हकीकत विसरता येत नाही. तेथे खाणीत आणि धातू गाळण्याच्या भट्ट्यांवर आठ तासांचा दिवस असावा असा कायदा झाला होता. राज्याच्या न्यायालयाने तो १८९९ मध्ये घटनाबाह्य ठरवला. तेव्हा घटनाच बदलायची म्हणून १९०२ मध्ये प्रश्न लोकांपुढे गेला. चारांतल्या जवळजवळ तिघांनी आठ तासांच्या बाजूने मत दिले. एवढा स्वच्छ कौल! पण त्यावर प्रत्यक्ष कायदा करायचा होता विधिमंडळाने, आणि खाणमालकांच्या दडपणाखाली विधिमंडळाने तो केलाच नाही. पुढची दोन वर्षे त्या राज्यात संप, लष्कर आणि रक्तपात यांत गेली. मतपेटीने दिले ते दिवाणखान्यात अडले.

ओरेगॉनची गोष्ट आणखी वेगळी. स्त्रियांना मताधिकार द्यावा की नाही हा प्रश्न तेथे १८८४ पासून सहा वेळा मतास टाकला गेला. पाच वेळा नकार आला, १९१२ मध्ये होकार. मत देणारे सारे पुरुष होते! ज्यांचा प्रश्न, त्यांचे नावच यादीत नाही. आणि कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये काय झाले? घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करू नये असा कायदा विधिमंडळाने १९६३ मध्ये केला होता. लोकांनी मतदानाने तो गुंडाळून ठेवला, आणि तोही सुमारे दोन तृतीयांश मतांनी. १९६७ मध्ये, म्हणजे गोव्याचा कौल झाला त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा हा निर्णय रद्द ठरवला. बहुमताला शेजाऱ्याचा माणूसपणाचा हक्क मतास टाकता येत नाही, असाच त्याचा अर्थ मी घेतो. डॉ. आंबेडकरांची शिकवण ज्यांच्या कानावर पडली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. आपल्या गावांत पाणवठ्याचा प्रश्न मतास टाकला असता तर काय निकाल लागला असता?

दारूच्या बाबतीत मात्र अमेरिकेत फार पूर्वीपासून गावोगाव मतदान होई; गाव कोरडे ठेवायचे की ओले, हे गाव ठरवी. तीच रीत आपल्या घरी वेगळ्या वेशात आली आहे. महाराष्ट्रात २५ मार्च २००८ च्या आदेशाने असे ठरवले गेले की गावातील किंवा वॉर्डातील पंचवीस टक्के स्त्रियांनी मागणी केली, तर परवान्याचे दारू दुकान चालू ठेवावे की बंद करावे यावर गुप्त मतदान घ्यावे. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. अक्षर न येणाऱ्या बाईलाही खूण कळते. (विनापरवाना दारूला मतदान नाही, कारण कागदोपत्री ती नसतेच.)

या नियमात एक खुंटी आहे. आडव्या बाटलीला, पडलेल्या मतांच्या नव्हे तर यादीतील एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. जी बाई आली नाही तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. हीच मोजपट्टी गोव्याला लावून पाहा. ३,८८,४३२ चे निम्मे १,९४,२१६. दोन पानांना तेवढी मते नव्हती, बावीस हजार कमी होती. फुलाला तर नव्हतीच. आहे तेच चालू राहिले असते, म्हणजे गोवा वेगळा राहिलाच असता, हे खरे. पण त्याला लोकांचा कौल असे कोणी म्हटले नसते. साऱ्या देशाने ज्याला जनमत म्हणून मान दिला, तेवढे जनमत आमच्या खेड्यातील बाईला एक दुकान बंद करायला पुरत नाही.

आणि आमच्या बीडमध्ये ही खुंटी कोणाच्या पायात रुतते? दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरावरील गावे रिकामी होऊ लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे आमच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी. अर्धा कोयता जाऊ शकत नाही. म्हणजे बाई जाणारच. ती पाडव्यानंतर, कधी अक्षयतृतीयेला परत येते.

काही वर्षांपूर्वी एका गावात मी या खटपटीत होतो. श्रावणात बायकांनी सह्या केल्या, बहुतेकींनी अंगठे उठवले. अर्ज गेला. पडताळणीला वेळ लागला, मग कागद कोठे तरी राहिला, मग सण आले. मतदानाची तारीख लागली ती माघात. गावात म्हाताऱ्या होत्या, लेकुरवाळ्या सुना होत्या आणि ज्यांच्या घरी शेती बरी अशा बायका होत्या. सह्या करणाऱ्यांतील निम्म्या उसाच्या फडात. त्यातल्या एका टोळीने मुकादमाकडे एक दिवसाची सुटी मागितली. त्याने खाड्याचा हिशेब पुढे ठेवला. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीला उभीच्या चौपटीहून अधिक मते पडली, आणि दुकान चालू राहिले. दुकानदाराने प्रचार केला नव्हता. त्याला गरजच नव्हती.

संघटनेत आम्हांला मताची सवय असते. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कामगार संघटना कायद्यात अशी तरतूद होती की मान्यताप्राप्त संघटनेने सभासदांच्या बहुमताशिवाय संपाची नोटीस दिली तर तो संप बेकायदा. मला ती अट कधी जाचक वाटली नाही. परंतु त्याच कामगाराला आपली संघटना कोणती हे गुप्त मताने ठरवू द्या म्हटले की सारे मागे सरत. १९८२ चा गिरणी संप मुळात बोनस-पगाराचा, तरी त्याच्या पोटात हा प्रश्न होता. अडीच लाख गिरणी कामगारांना आपला प्रतिनिधी कोण हे कोणी मतपेटीने विचारले नाही. मत कोठे घ्यायचे आणि कोठे टाळायचे हे ठरवणारा हातच बहुधा निकाल ठरवतो, असे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे.

म्हणून आम्ही अर्जात दोनच गोष्टी मागितल्या होत्या. ऊसतोडीच्या गावांत हे मतदान अक्षयतृतीया आणि पोळा यांच्या मधल्या दिवसांत घ्यावे. आणि ज्या बायका कारखान्याच्या फडात आहेत त्यांची नावे तेवढ्या मतदानापुरती मोजणीच्या निम्म्यात धरू नयेत. त्यावर तोंडी उत्तर मिळाले की तारीख नियमानुसार लागते. पुढच्या वर्षी त्याच गावच्या बायकांनी अर्ज श्रावणाची वाट न पाहता वैशाखातच दिला, टोळ्या परतल्या त्याच आठवड्यात, डोक्यावरची बोचकी अजून सुटायची होती तेव्हा.