आंत्रपुच्छशोथ : एका संज्ञेचा इतिहास

उदराच्या उजव्या तळभागातील वेदना, ज्वर आणि कित्येकदा मृत्यू हा क्रम वैद्यकास जुनाच. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय ग्रंथांत त्यास ‘टिफ्लायटिस’ म्हणत. ग्रीक ‘टिफ्लोस’ म्हणजे अंध; अर्थात हा अंधांत्राचा, मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीचा, दाह. निदान तेथेच थांबले आणि चिकित्साही : अफू, विश्रांती, फार तर गळू झाल्यास छेद. त्या पिशवीस लोंबणाऱ्या आंत्रपुच्छाकडे थोड्यांचेच लक्ष गेले.

१८८६ साली हार्वर्डचे विकृतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड फिट्झ यांनी आंत्रपुच्छास छिद्र पडलेले २५७ रुग्ण आणि ‘टिफ्लायटिस’ वा तत्सम नावाखाली नोंदलेले २०९ रुग्ण यांची लक्षणे ताडून पाहिली. ती जुळली. व्याधी एकच असून तिचे मूळ बहुधा आंत्रपुच्छात असते, असे त्यांनी दाखविले व ‘अपेंडिसायटिस’ हे नाव योजिले. लॅटिन प्रकृतीस ग्रीक प्रत्यय लागल्याने शब्द संकरित खरा. परंतु त्याने स्थान अचूक सांगितले. १८८९ साली न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी दाबल्यावर सर्वाधिक दुखणारा बिंदू निश्चित केला आणि गळू होण्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया करण्याचा पक्ष मांडला.

जुनी सवय मात्र सहज सुटली नाही. २४ जून १९०२ रोजी, राज्याभिषेकास दोन दिवस उरले असता, फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज यांनी सातव्या एडवर्डच्या गळवाचा निचरा केला. आंत्रपुच्छ काढले नाही. राजा वाचला.

मराठी ‘आंत्रपुच्छशोथ’ हा शब्द या स्थाननिश्चितीनंतरचा. म्हणूनच त्यात अंधांत्राचा मागमूस नाही.